बुजगावण्याचा सदरा आणि सात मीटर

युगांडाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, काँगोच्या सीमेला टेकून, ब्विंडीचं अरण्य आहे. १९९६च्या उत्तरार्धात तिथल्या ट्रॅकरांना, म्हणजे माग काढणाऱ्यांना, कटेंडेगेरे गटाचे डोंगरी गोरिला सारखे अंग खाजवताना दिसू लागले. गट लहान, चारच जणांचा. केस झडत होते आणि उघड्या पडलेल्या कातडीवर पांढरट खपल्या धरत होत्या. मोठे निदान खात-पीत तरी होते. पिल्लू मात्र वाळत चाललं होतं.

डॉ. ग्लॅडिस कलेमा (लग्नानंतर कलेमा-झिकुसोका) त्याच वर्षी युगांडाच्या राष्ट्रीय उद्यानांच्या पहिल्या वन्यजीव पशुवैद्य म्हणून रुजू झाल्या होत्या. वय पंचविशीच्या आसपास. रानटी गोरिलांच्या कातडीच्या रोगावर हाताशी फारसं काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी माणसांच्या डॉक्टरांकडे चौकशी केली: इथल्या लोकांत सर्रास दिसणारा त्वचारोग कोणता? उत्तर आलं, खरूज. गोरिलाच्या त्वचेचा नमुना तपासला तर त्यात खरजेचाच किडा निघाला, सार्कॉप्टिस स्कॅबिआय. आयव्हरमेक्टिन हे औषध बंदुकीच्या सुईतून टोचलं गेलं आणि तिघं बरे झाले. पिल्लू दगावलं.

ही हकीकत ऐकणारा कुणीही आधी पर्यटकाकडे बोट दाखवेल. कटेंडेगेरे हा पर्यटकांना दाखवला जाणारा गट होता, आणि ब्विंडीत पर्यटन सुरू होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. पण तपासाअंती संशय बळावला तो दुसरीकडेच. हा गट जंगलाच्या काठावरच्या केळीच्या बागांत वरचेवर उतरायचा. बागांत बुजगावणी होती आणि बुजगावण्यांच्या अंगावर गावकऱ्यांचे जुने, न धुतलेले कपडे. खरजेचा किडा माणसाचं अंग सोडूनही दोन-तीन दिवस तग धरतो. थंड, दमट हवा त्याला मानवते, आणि ब्विंडीची हवा तशीच आहे. जे बुजगावणं गोरिलाला दूर ठेवण्यासाठी उभं केलं, त्याच्याच सदऱ्यातून बहुधा रोग त्याच्या अंगावर चढला.

मग यात मार्गदर्शित पर्यटनाचा काय दोष? थेट दोष नाही, असं म्हणून हे प्रकरण मिटवता आलं असतं. मला तसं वाटत नाही. त्यासाठी आधी पाहायला हवं की हा गोरिला बुजगावण्याला घाबरेनासा झाला कसा.

पळायची खोड पुसणं

रानातला गोरिला माणसाला पाहून पळतो. पळाला नाही तर नर अंगावर धावून येतो. अशा प्राण्याचं पर्यटन होऊ शकत नाही, म्हणून आधी त्याला माणसाची सवय लावावी लागते. 'माणसाळवणं' हा शब्द मी इथे मुद्दाम टाळतोय. माणसाळलेलं जनावर हातून खातं, हाक ओळखतं. गोरिलाच्या बाबतीत यातलं काहीच करायचं नसतं. खायला घालायचं नाही, हात लावायचा नाही. फक्त माणूस दिसताच पळायची त्याची खोड तेवढी पुसायची.

त्यासाठी काही माणसं रोज त्याच गटामागे जातात. पहिले काही महिने नर छाती बडवत येतो आणि माद्या-पिल्लं झाडीत नाहीशी होतात. माणसं मान खाली घालून बसून राहतात, पाला चघळल्याचं सोंग करतात, आणि गोरिला निवांत असताना घशातून जो हुंकार काढतात तसा हुंकार काढतात. असं दोनेक वर्षं चालतं. एक दिवस नर वळून पाहतो आणि पुन्हा देठ सोलायला लागतो. तो दिवस आला की गट 'तयार' झाला. ब्विंडीतला असा पहिला तयार गट मुबारे. १९९३ साली बुहोमाच्या बाजूने तो पर्यटकांसाठी खुला झाला.

पण जो प्राणी आठ अनोळखी माणसांसमोर शांतपणे जेवायला शिकला, त्याला शेतातल्या एका बाईची आरडाओरड किंवा काठीला अडकवलेला सदरा काय घाबरवणार? भीती गेली ती फक्त परमिट काढून आलेल्यांपुरती जाईल, अशी सोय निसर्गात नाही. काही वर्षांनी नकुरिंगो या दुसऱ्या गटातही खरूज दिसली. तोही उद्यानाबाहेर बराच वेळ काढणारा गट. त्याला माणसाची सवय लावली जात होती, पण पर्यटक अजून यायचे होते.

या प्रकरणातलं मर्म मला इथे दिसतं. माणूस आणि गोरिला यांच्यातलं अंतर राखण्याचं काम हजारो वर्षं गोरिला स्वतः करत होता. पळून जाणं हेच त्याचं आरोग्य खातं होतं. ते काम आपण त्याच्याकडून काढून घेतलं आणि एका माणसाच्या गळ्यात बांधलं: गाइडच्या.

एक तास

आता तो गाइड ते काम कसं करतो ते पाहू. ब्विंडीतली रोजची रीत साधारण अशी. गोरिला रोज संध्याकाळी नवी घरटी करून झोपतात. म्हणून ट्रॅकर पहाटेच कालच्या जागी पोचतात, तिथून माग काढत गट गाठतात आणि वायरलेसवर ठिकाण कळवतात. इकडे बुहोमा, रुहिजा, रुशागा किंवा नकुरिंगो या चारपैकी एका ठाण्यावर पर्यटकांना सूचना दिल्या जातात. एका गटामागे दिवसाला आठ पर्यटक. वय किमान १५. आजारी असाल तर येऊ नका. शिंक आली तर तोंड फिरवा, हाताच्या कोपरात शिंका. गटाजवळ फक्त एक तास. आणि सात मीटरच्या आत जायचं नाही (कोविडनंतर हे अंतर दहा मीटर झालं, त्याबद्दल पुढे). हे अंतर आधी पाच मीटर होतं. माणसाचे रोग वानरांना कसे जडतात याचा अभ्यास झाल्यावर १९९९च्या सुमारास ते सातवर नेलं. शिंकेतले तुषार कुठवर पोचतात, हा त्यामागचा हिशेब.

शिंकेची एवढी धास्ती का, तर खरूज निदान डोळ्यांना दिसते आणि सुईने बरी होते. श्वासाच्या रोगांचं तसं नाही. २००९ साली शेजारच्या रवांडात हिरवा नावाच्या बारा गोरिलांच्या गटात अकरा जण आजारी पडले. एक मादी आणि एक पिल्लू मेलं. त्यांच्यात मानवी मेटान्यूमोव्हायरस सापडला. माणसाच्या मुलांना ज्याने सर्दी-खोकला होतो, तो विषाणू.

सात मीटर म्हणायला सोपे. ब्विंडीच्या नावातच 'अभेद्य' आहे आणि ते उगाच नाही. १,१६० मीटरपासून २,६०० मीटरपर्यंत चढणारे उतार, वर वेली, खाली कमरेइतकं रान. मोकळ्या मैदानात सात मीटरवरून गोरिलाच्या पापण्याही दिसतील. इथे सात मीटरवर हलणारा पाला दिसतो, फार तर काळ्या पाठीचा एक तुकडा. तीन-चार तास चिखल तुडवत आलेली आठ माणसं त्या पाल्याकडे पाहत उभी असतात. ट्रॅकर कोयत्याने दोन वेली छाटतो. सगळे एक पाऊल पुढे होतात. मग आणखी दोन वेली.

तेवढ्यात तीनेक वर्षांचं एक पोर झाडावरून घसरत खाली येतं आणि सरळ माणसांच्या दिशेने निघतं. त्याला कुणी सूचना दिलेल्या नसतात. गाइड हळू आवाजात सांगतो, मागे व्हा. पण मागे उतार आहे, मागे इतर सात जण आहेत, आणि त्या सातांच्या हातात कॅमेरे आहेत. पुढचा माणूस मागे सरकू शकत नाही आणि खरं म्हणजे त्याला सरकायचंही नाही. पोर दीड मीटरवर येऊन बसतं, बुटाची नाडी न्याहाळतं. सगळे श्वास रोखतात. अगदी शब्दशः रोखला असता तर बरं झालं असतं.

हे एखाद्या वाईट दिवसाचं चित्र नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्विंडीतल्या ५३ फेऱ्यांमध्ये प्रत्यक्ष सोबत जाऊन अंतरं नोंदवली होती. अभ्यासकांत स्वतः डॉ. कलेमा-झिकुसोका होत्या. ९८ टक्के फेऱ्यांत सात मीटरचा नियम मोडला गेला, आणि नोंदवलेल्या अंतरांपैकी सुमारे १४ टक्के तर तीन मीटर किंवा त्याहून कमी होती. त्यानंतर वर्षभराने दुसऱ्या अभ्यासकांनी इन्स्टाग्रामवरचे डोंगरी गोरिलांच्या भेटीचे ८५८ फोटो तपासले. त्यातल्या ८६ टक्के फोटोंत माणूस आणि गोरिला चार मीटरच्या आत होते. लोकांनी हे फोटो लपवले नव्हते, हौसेने लावले होते. पुढचा पर्यटक हेच फोटो पाहून परमिट काढतो आणि नेमकं तेवढंच अंतर मागतो.

जो नियम शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा मोडतो, तो मोडणाऱ्यांच्या स्वभावात दोष शोधणं मला वेळेचा अपव्यय वाटतो. अठ्ठ्याण्णव टक्के माणसं बेशिस्त नसतात. रचनाच तशी आहे.

गाइडच्या जागी उभं राहून

परदेशी पर्यटकासाठी युगांडात एका गोरिला परमिटचा दर जुलै २०२४ पासून ८०० डॉलर आहे. रवांडात मे २०१७ पासून १,५०० डॉलर. म्हणजे ब्विंडीत आठ जणांच्या त्या एका तासाचे ६,४०० डॉलर होतात, विमानभाडं आणि मुक्काम वेगळा. दर जास्त ठेवला की माणसं कमी येतात आणि जंगलावर ताण पडत नाही, असा युक्तिवाद आहे आणि तो बऱ्याच अंशी खराही आहे. पण त्याची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. ८०० डॉलर मोजलेला माणूस पाल्याकडे बघून परत जायला तयार नसतो. आदल्या रात्री घसा खवखवत असेल तर तो सकाळी गोळी घेतो आणि गप्प बसतो.

आणि या माणसाला थांबवायचं कोणी? गाइडने, ज्याला तास संपल्यावर हाच माणूस खुश होऊन टिप देणार आहे. नियम पाळला तर पर्यटक नाराज, मोडला तर गोरिलाला धोका. आणि नाराजी आज दुपारीच कळते, धोका कळलाच तर तीन आठवड्यांनी कळतो. तोही कुणाच्या शिंकेमुळे, हे कधीच सिद्ध होत नाही. अशा तराजूत कुठलं पारडं जड होईल हे सांगायला अभ्यासाची गरज नव्हती. गाइडला नियम माहीत नाही, प्रशिक्षण द्या, हे अशा प्रकरणांतलं ठरलेलं अनुमान आहे. ब्विंडीच्या गाइडांना नियम तोंडपाठ असतात. कमी आहे ती 'नाही' म्हणण्याची ऐपत.

बागेच्या बाजूने

आता पुन्हा त्या केळीच्या बागेत. ब्विंडीभोवतीची वस्ती ग्रामीण आफ्रिकेतल्या दाट वस्त्यांपैकी आहे. जंगल आणि शेत यांच्यात रिकामी पट्टी जवळपास नाहीच. इथे झाड संपतं, तिथे केळ सुरू होते. १९९१ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहिलेले बट्वा लोक बाहेर काढले गेले. त्यांच्या वाट्याला बागही आली नाही.

उद्यानाच्या प्रवेश शुल्कातला २० टक्के वाटा आसपासच्या गावांना देण्याची पद्धत आहे. शिवाय प्रत्येक गोरिला परमिटमागे आधी ५ आणि नंतर १० डॉलर गावांसाठी बाजूला काढले जाऊ लागले. ८००तले १०. गोरिला बागेत शिरला की 'ह्यूगो' म्हणून ओळखली जाणारी गावातलीच स्वयंसेवकांची टोळी त्याला हळूहळू हाकत जंगलात परत नेते. धावायचं नाही, दगड मारायचे नाहीत, फक्त रांगेत चालत पुढे सरकायचं. मोडलेली केळ ज्याची त्याची.

खरजेच्या प्रकरणातून डॉ. कलेमा-झिकुसोका यांनी जो निष्कर्ष काढला तो मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. त्यांनी गोरिलांचं रुग्णालय काढलं नाही. २००३ साली त्यांनी 'कॉन्झर्वेशन थ्रू पब्लिक हेल्थ' ही संस्था सुरू केली आणि काम सुरू केलं ते माणसांच्या घरांपासून. गावातले आरोग्य स्वयंसेवक घरोघर जाऊन खरूज, क्षय, जंत, हात धुणं, कुटुंबनियोजन यांबद्दल बोलतात, आजाऱ्याला दवाखान्यात पाठवतात, आणि त्याच फेरीत बागेत गोरिला आला होता का हेही विचारतात. दुसरीकडे गोरिलांच्या रात्रीच्या घरट्यांतून विष्ठेचे नमुने गोळा करून तपासले जातात. दोन्ही वह्या एकाच टेबलावर. ज्या घरात एका साबणाच्या वडीवर सहा जणांचं भागवावं लागतं, त्या घराची खरूज हा वन्यजीव पर्यटनाचाच प्रश्न आहे, हे तोवर कुणाच्या आराखड्यात नव्हतं.

पर्यटक नाहीसे झाले तेव्हा

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग बंदच करा ना हे पर्यटन. योगायोगाने तो प्रयोगही होऊन गेला. मार्च २०२०च्या अखेरीस युगांडाने कोविडमुळे वानरांचं पर्यटन थांबवलं. जूनच्या सुरुवातीला नकुरिंगो गटाचा मुख्य नर राफिकी भाल्याने मारला गेला. शिकारी रानडुकरांच्या मागावर आले होते. मारणाऱ्याला ११ वर्षांची शिक्षा झाली. सतरा जणांचा तो गट एका दिवसात पोरका झाला.

पर्यटन बंद म्हणून राफिकी मेला, असं सरळ समीकरण मांडणं घाईचं ठरेल. पण परमिटच्या पैशावर गस्त चालते आणि पर्यटकांच्या येण्यावर हमालांची, लॉजमधल्या पोरांची, टोपल्या विणणाऱ्यांची चूल पेटते. ती विझली की जंगलात फासे आणि भाले वाढतात, हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नाही. शिवाय या पर्यटनाच्याच छायेत गोरिला वाढले आहेत, हेही नाकारता येत नाही. १९९०च्या दशकात ब्विंडीत ३००च्या आसपास गोरिला होते. २०१८च्या गणनेत ब्विंडी आणि लगतच्या काँगोतल्या सरांब्वे अभयारण्यात मिळून ४५९ भरले. विरुंगा पर्वतातले ६०४ धरले तर जगात एकूण १,०६३ डोंगरी गोरिला. प्राणिसंग्रहालयात यातला एकही नाही, म्हणजे राखीव साठा असा नाहीच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

सप्टेंबर २०२०मध्ये पर्यटन पुन्हा सुरू झालं तेव्हा अंतर दहा मीटर झालं होतं आणि मास्क सक्तीचा. दहा मीटरचं काय व्हायचं ते दिसतंच आहे. ज्या झाडीत सात पाळता येत नव्हते तिथे दहा कुठून पाळणार? मास्कची गोष्ट मात्र वेगळी आहे. मास्क अंतर मोजत नाही. पोर बुटाजवळ येऊन बसलं तरी तो तोंडावरच असतो, आणि त्यासाठी गाइडला कुणाशी भांडावं लागत नाही. खरं तर काँगोच्या बाजूला तो कोविडच्या आधीपासून सक्तीचा होता. ब्विंडीने एवढी वर्षं का वाट पाहिली हे कोडंच आहे. पर्यटक नको म्हणतील, फोटो बिघडतील, ही भीती असावी.

माझ्या हाती असतं तर पहिला बदल टिपमध्ये केला असता. माणसागणिक हातात नाही, तर ठाण्यावरच्या एकाच पेटीत, सगळ्या गाइड-ट्रॅकरांत समान वाटली जाणारी. आजच्या तासाला कोण किती खुश झालं याचा आणि गाइडच्या खिशाचा संबंध त्याने थोडा तरी तुटतो. दुसरं, जो सकाळी स्वतःहून 'मला सर्दी आहे' म्हणेल त्याला पूर्ण पैसे किंवा दुसरी तारीख, कुठलाही प्रश्न न विचारता. खरं बोलण्याची किंमत मोजावी लागली नाही तरच लोक खरं बोलतात. तिसरं, आठाऐवजी सहा. मागे सरकायला जागा हवी तर मागे माणसं कमी हवीत. यात त्या तासाचे १,६०० डॉलर बुडतात, आणि म्हणूनच हे तिसरं सगळ्यात शेवटी होईल किंवा होणारही नाही.

आणि ८००तले ते १० डॉलर. एवढ्या पैशांत एका घराला वर्षभर पुरेल इतका साबण येत असेल किंवा नसेल, पण बुजगावण्याला धुतलेला सदरा नक्की घालता येतो.